मधले पंधरा महिने

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी मी पहिला अर्ज केला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये आणि संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे पहिले पैसे माझ्या खात्यात आले ते मे २०२५ मध्ये. या दोहोंच्या मधले पंधरा महिने आमच्या घराने कसे काढले आणि कोणाच्या आधाराने काढले, हे लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात आहे. योजनेचे नियम आणि लागणाऱ्या कागदांची यादी कोठेही मिळते. पण अर्ज देऊन झाल्यावर आणि पैसे येण्याआधी माणसाने काय करायचे असते, हे मला कोणत्याही कागदावर सापडले नाही. ते मला माणसांकडून कळले आणि त्यांतली बरीचशी माणसे त्याआधी माझ्या ओळखीचीही नव्हती.

मी ठाण्यात, वागळे इस्टेटलगतच्या एका चाळीत राहतो. वडील इथल्याच एका कारखान्यात फिटर होते आणि खोली त्यांनी घेतलेली असल्यामुळे भाड्याची चिंता कधी करावी लागली नाही. मी स्वतः बावीस वर्षे छापखान्यांतून मुद्रितशोधनाचे काम केले. लग्नपत्रिका, स्मरणिका, पतपेढ्यांचे वार्षिक अहवाल, दिवाळी अंक अशी सर्व प्रकारची प्रुफे माझ्या हाताखालून गेली. मला असलेल्या आजाराचे नाव रेटिनायटिस पिग्मेंटोसा, थोडक्यात आरपी. हा दृष्टिपटलाचा आजार असून तो बहुधा आनुवंशिक असतो. माझ्या मामांनाही तो असावा, पण आमच्या घरात त्यांना केवळ रातांधळे म्हणत. या आजारात अंधुक प्रकाशात पाहणाऱ्या पेशी आधी निकामी होतात, म्हणून सुरुवात रातांधळेपणाने होते. पुढे कडेची दृष्टी वर्षावर्षाने आक्रसत जाते आणि समोरचा एक लहानसा गोल तेवढा उरतो. वर्तमानपत्राची सुरळी करून तिच्यातून पाहिल्यावर जेवढे दिसेल तेवढे मला उजव्या डोळ्याने दिसते आणि डावा डोळा त्याहून अधू आहे. त्या गोलात जे येते ते मात्र बऱ्यापैकी स्पष्ट असते. त्यामुळे औषधाच्या पाकिटावरचे बारीक अक्षर मी वाचू शकतो, पण वाटेत ठेवलेले स्टूल मला दिसत नाही. ही गोष्ट समोरच्याला पटवून देणे फार कठीण जाते आणि माझी पुढची सारी हकीकत या एका अडचणीभोवतीच फिरते.

फेब्रुवारी २०२३ मध्ये एका स्मरणिकेच्या प्रुफात देणगीदारांच्या यादीतली एक सबंध ओळ गळलेली माझ्या लक्षात आली नाही. एका वेळी मला चार-पाच अक्षरेच दिसत होती आणि एका ओळीच्या शेवटाहून पुढच्या ओळीच्या आरंभाकडे येताना मी मधली ओळ सोडून खाली उतरलो होतो. तो फर्मा, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांचा संच, पुन्हा छापावा लागला. मालकांनी मला एका शब्दाने दुखावले नाही, परंतु आपल्याकडून हे काम आता होणार नाही हे मला कळले होते, म्हणून मीच काम सोडले. त्यानंतरचे वर्ष मी जवळजवळ घरातच काढले. पत्नी एका पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटायला जाते, तिचे महिन्याचे साडेतीन हजार, मला ओळखीच्या प्रकाशकांकडून अधूनमधून मिळणारी थोडीफार पाने आणि वडिलांनी ठेवलेली मुदत ठेव मोडून आलेले पैसे, यांवर घर चालले. माझ्या मेहुण्यांनी आणून दिलेली पांढरी काठी मी कपाटामागे ठेवून दिली होती. तिला वर्षभर मी हातही लावला नाही.

मुदत ठेव संपत आली तेव्हा पत्नीने विषय काढला. ती म्हणाली, “अहो, जे आहे ते कागदावर तरी येऊ द्या. त्यात कमीपणा कसला?” मुलगा तेव्हा नववीत होता. त्याने स्वावलंबन संकेतस्थळावर माझा अर्ज भरला, आधार कार्ड आणि छायाचित्र जोडले आणि मार्चमध्ये मला तपासणीसाठी बोलावणे आले. तपासणी एका सरकारी रुग्णालयात झाली. गर्दी भयंकर होती. मला तक्त्यावरची अक्षरे वाचायला सांगितली, ती मी उजव्या डोळ्याने खालपासून दुसऱ्या-तिसऱ्या ओळीपर्यंत वाचली, डाव्या डोळ्याने वरचे एकच अक्षर वाचता आले आणि तीन-चार मिनिटांत मी बाहेर होतो. काही दिवसांनी प्रमाणपत्र तयार झाले, त्यावर २० टक्के लिहिले होते. दिव्यांगांसाठीच्या बहुतेक योजनांचा लाभ मिळण्यास किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. म्हणजे मला दिसत नाही हे सरकारने मान्य केले होते, पण मदत लागावी इतके नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. आपण उगाच मागायला गेलो, असेच सारखे वाटत राहिले.

याच सुमारास रुग्णालयाच्या आवारात एकाने माझ्या कानाशी येऊन सांगितले होते की पाच हजार दिलेत तर टक्के वाढवून मिळतील. मी पैसे दिले नाहीत, पण घरी आल्यावर त्याचा विचार केला नाही असे म्हणणे खोटे ठरेल. अशा खोट्या प्रमाणपत्रावर दिव्यांगांसाठीचे लाभ घेणाऱ्याला किंवा घेण्याचा प्रयत्न करणाऱ्याला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ९१ प्रमाणे दोन वर्षांपर्यंतचा कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंतचा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, हे मला पुढे कळले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मला खोट्या टक्क्यांची गरजच नव्हती, हेही पुढेच कळले.

एप्रिलमध्ये मी दादरला एका प्रकाशकाकडे प्रुफे देऊन परत येत होतो. गाडी ठाण्याला पोहोचेपर्यंत अंधार पडला होता. उतरल्यावर गर्दीत मी एका गृहस्थांवर आदळलो आणि त्यांची काठी खाली पडली. पांढरी काठी होती. फलाटावर दिव्यांगांचा डबा जिथे येतो तिथे सतत ‘बीप’ असा आवाज येत असतो. ते त्या आवाजाच्या रोखाने चालले होते. मी क्षमा मागितली, काठी शोधायला वाकलो आणि मला ती सापडेना. ती माझ्या पायाशीच होती. अखेर त्यांनीच पायाने चाचपून ती उचलली आणि विचारले, “तुमच्या डोळ्यांना काय झालंय?” आजवर मला कोणी असे सरळ विचारले नव्हते. मी सांगितले. ते म्हणाले, “समोरचं दिसतं, बाजूचं नाही, असंच ना? मग फील्ड टेस्ट, दृष्टिक्षेत्राची तपासणी, केली का त्यांनी?” मी नाही म्हणालो. त्यावर ते म्हणाले, “मग त्यांनी तुमचा फक्त नंबर बघितला. नजर बघितलीच नाही.”

हे गृहस्थ एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर म्हणून तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेले आहेत आणि त्यांना लहानपणापासून दिसत नाही. मी त्यांना काका म्हणतो. त्या संध्याकाळी त्यांनी मला पुलाच्या पायऱ्यांपर्यंत हाताला धरून नेले. ज्याला काहीच दिसत नाही असा माणूस मला वाट दाखवत होता आणि मला त्यात लाज वाटली नाही, उलट कितीतरी महिन्यांनी सुटल्यासारखे वाटले. निघताना ते म्हणाले की रविवारी सकाळी तलावपाळीवर आम्ही काहीजण जमतो, तुम्ही या.

मी गेलो, पण घरी फिरायला जातो एवढेच सांगितले. मासुंदा तलावाच्या काठी कठड्याजवळ आठ-दहा माणसे होती. त्यांची कसली संस्था नव्हती, फलक नव्हता, वर्गणी नव्हती. पोलिओमुळे कॅलिपर लावून चालणाऱ्या एक ताई होत्या, ज्यांचा झेरॉक्सचा स्टॉल आहे; रेल्वे अपघातात पाय गेलेला एक तरुण होता, जो जयपूर फूटवर चालायला शिकत होता; एक निवृत्त शिक्षक होते, ज्यांना अर्धांगवायू झाला होता आणि जे अगदी सावकाश पण पूर्ण वाक्ये बोलत. बोलणे चालले होते ते अमुक कार्यालयात कोणत्या वारी गेल्यास गर्दी कमी असते, एसटीच्या सवलतीसाठी आता कोणता कागद चालतो, कोणाच्या पासबुकावर नावात ‘कुमार’ आहे आणि आधारवर नाही तर काय करावे, अशा गोष्टींवर. मला वाटले होते की अशा ठिकाणी दुःखाच्या कहाण्या ऐकाव्या लागतील आणि आपल्यालाही आपली सांगावी लागेल. तसे काहीच झाले नाही. माझी पाळी आली तेव्हा काकांनी एवढेच सांगितले, “यांची आरपी आहे, वीस टक्के दिलेत, फील्ड झालेली नाही,” आणि सगळ्यांना सगळे कळले. वर्षभर ज्या गोष्टीचे स्पष्टीकरण देता देता मी थकलो होतो, ती इथे एका वाक्यात संपली होती.

काकांनी मोबाइल काढला. त्यांचा फोन टॉकबॅकवर चालतो, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो आणि त्याचा वेग इतका असतो की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला एक शब्द कळत नाही. त्यांनी तो माझ्यासाठी कमी केला आणि अधिनियमातली अंधत्वाची व्याख्या ऐकवली. दृष्टी पूर्णपणे नसणे. किंवा चांगल्या डोळ्याची, चश्मा लावूनही, नजर ३/६० पेक्षा कमी असणे, म्हणजे निरोगी डोळ्याला साठ मीटरवरून दिसते ते तीन मीटरवरूनही न दिसणे. किंवा दृष्टिक्षेत्र दहा अंशांपेक्षा कमी असणे. मी ते तीनदा ऐकले. बावीस वर्षे ज्याने ‘व’ आणि ‘किंवा’ यांतला फरक पाहण्याचे काम केले, त्याला तिथे ‘आणि’ नसून ‘किंवा’ आहे हे ऐकू आल्यावर काय वाटले असेल, हे मुद्रितशोधकालाच कळेल. तीन गोष्टींपैकी एक पुरेशी होती. तिसरी कोणी मोजलीच नव्हती.

त्याच कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे प्रमाणपत्रावरील निर्णयाविरुद्ध अपील करता येते. अपिलाचा मजकूर मी स्वतः लिहिला, सौम्य शब्दांत, कोणाला दोष न देता आणि त्यात व्याख्येतले तिसरे कलम जसेच्या तसे उद्धृत केले. स्टॉलवाल्या ताईंनी तो टंकलिखित करून दिला, पैसे घेतले नाहीत आणि एकच गोष्ट बजावली, “भाऊ, पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. शिक्का, तारीख, सही. तिघांपैकी एक नसलं तर परत मागायचं.” ही शिकवण पुढे प्रत्येक ठिकाणी उपयोगी पडली.

जूनमध्ये मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयात माझी दृष्टिक्षेत्राची तपासणी झाली. काका बरोबर आले होते. यंत्रात हनुवटी टेकवून समोरच्या एका बिंदूकडे बघत राहायचे आणि आजूबाजूला प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायचे, अशी ती पद्धत असते. कितीतरी वेळ ठिपके येत असावेत आणि मला त्यांतले मोजकेच दिसत होते. बटणावर ठेवलेला अंगठा रिकामा राहिला की भीती वाटत होती. निकालाचा कागद हातात आला तेव्हा तो मी छापील कागद बघायच्या सवयीने बघितला. सगळीकडे काळी शाई आणि मधोमध एक लहानशी पांढरी जागा. मला दिसते तेवढे जग त्या कागदावर होते. त्या तंत्रज्ञ ताईंनी सहानुभूतीने विचारले की तुम्ही आजवर एकटे कसे फिरलात. मी उत्तर देऊ शकलो नाही. जुलैमध्ये फेरतपासणी झाली, प्रमाणपत्रावर ९० टक्के आले आणि ऑगस्टअखेर निळ्या पट्टीचे युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, टपालाने घरी आले. ८० टक्के आणि त्याहून अधिक दिव्यांगत्वासाठी निळा रंग असतो.

या मधल्या काळात मी काठी कपाटामागून काढली. काकांनी ती छातीच्या हाडापर्यंत उंचीला बरोबर आहे का ते पाहिले आणि तलावपाळीच्या फुटपाथवर मला चालायला शिकवले. उजवा पाय पुढे टाकताना काठीचे टोक डावीकडे टेकवायचे, डावा टाकताना उजवीकडे, म्हणजे पुढचे पाऊल जिथे पडणार तिथली जमीन आधी काठीला कळते. हे ऐकायला सोपे आहे, पण पायाला आणि हाताला ते एकत्र यायला मला तीन आठवडे लागले. खरा कठीण भाग त्यानंतरचा होता, म्हणजे काठी घेऊन आपल्या गल्लीत शिरणे.

त्या दिवसाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण पुढची मदत त्या दिवसापासून सुरू झाली. संध्याकाळी सातची वेळ होती, गल्लीतले बहुतेक लोक दारात होते. मी नळाजवळून वळलो आणि बोलणी थांबल्याचे मला जाणवले. शेजारच्या काकू, ज्यांना मी लहानपणापासून ओळखतो, धावत आल्या आणि रडू लागल्या. त्या म्हणाल्या, “अरे, आम्हाला वाटायचं तुला माज आला. समोरून गेलं तरी बघत नाहीस, हाक मारली तर भलतीकडेच तोंड करतोस.” गेली चार-पाच वर्षे जिन्यात, नळावर, गणपतीच्या मंडपात माणसे माझ्या बाजूने येऊन हसत होती, हात करत होती आणि मी त्यांच्याकडे न बघता पुढे जात होतो, कारण ती मला दिसतच नव्हती. त्यांनी त्याचा अर्थ त्यांच्या परीने लावला होता आणि माझ्याशी बोलणे कमी केले होते. मी त्याचा अर्थ माझ्या परीने लावला होता की नोकरी गेल्यावर लोक टाळू लागले. दोन्ही बाजूंनी इतकी वर्षे हा गैरसमज राहिला आणि तो दूर करणारी वस्तू माझ्याच कपाटामागे पडून होती, याचे मला आजही फार वाईट वाटते.

त्यानंतर चाळीने मला ज्या प्रकारे सावरले ते मोजून सांगता येणार नाही, परंतु माझ्या पत्नीने ते लिहून ठेवले आहे. तिच्याकडे मुलाची एक अर्धी कोरी वही होती. घेतलेले पैसे परत करता यावेत म्हणून तिने त्यात नोंदी सुरू केल्या. पहिली नोंद बचत गटाची आहे. गल्लीतल्या बायकांचा गट आहे, दरमहा प्रत्येकी दोनशे रुपये जमा करतात आणि गरजेला शेकडा एक टक्का व्याजाने कर्ज देतात. पत्नीला त्यांनी पंधरा हजार रुपये दिले आणि तीन महिने हप्ता नको म्हणून सांगितले. हळूहळू तिने पैशांखेरीज मिळालेल्या मदतीच्याही नोंदी केल्या. काकूंनी दर शनिवारी पाठवलेली भाजी, खालच्या रिक्षावाल्या दादांनी रुग्णालयात नेऊन भाडे न घेतल्याच्या तारखा, वरच्या मजल्यावरच्या मुलीने मुलाला गणित शिकवले ते तास. मुलांनी नळाजवळचे फुटके झाकण आणि जिन्याच्या पायऱ्यांच्या कडा पिवळ्या रंगाने रंगवल्या, तेही तिने लिहिले आहे. तो पिवळा पट्टा दिवसा माझ्या गोलात ठळक येतो आणि मी जिना न धरता उतरतो. ऑगस्टपासून तिच्या खात्यात लाडकी बहीण योजनेचे दीड हजार येऊ लागले, त्याचाही त्या महिन्यांत मोठा आधार झाला.

सप्टेंबरमध्ये संजय गांधी योजनेसाठीचे कागद गोळा केले. युडीआयडी कार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, राज्यात पंधरा वर्षे राहत असल्याचा पुरावा, शिधापत्रिका, आधार, पासबुक. दिव्यांगांसाठी या योजनेत कुटुंबाची वार्षिक उत्पन्नमर्यादा ५०,००० रुपये आहे. पत्नीचे वर्षाचे ४२,००० आणि माझ्या प्रुफांचे वर्षभराचे तीन-साडेतीन हजार धरून आम्ही तिच्या आत होतो. पण मला इथे स्पष्टपणे म्हणायचे आहे की ठाण्यासारख्या शहरात महिन्याला जेमतेम चार हजारांवर ज्याचे घर चालते त्यालाच गरजू मानणे अन्यायाचे आहे. तलावपाळीवर येणारा तो पाय गेलेला तरुण याच अटीमुळे बाहेर राहिला, कारण त्याचे वडील सुरक्षारक्षक आहेत आणि त्यांचा पगार बारा हजार आहे. त्याच्यासाठी शिक्षकांनी महापालिकेच्या समाजविकास विभागातल्या दिव्यांगांच्या योजनांचा पाठपुरावा चालवला आहे.

अर्ज देण्याच्या रांगेत माझ्या पुढे घणसोलीच्या एक बाई होत्या. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा नवी मुंबईचा भाग ठाणे तालुक्यातच मोडतो, त्यामुळे तिकडची माणसेही याच कामासाठी ठाण्यात येतात. त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा सेरेब्रल पाल्सीमुळे चालू शकत नाही. त्यांनी मला सांगितले की वाशीला नवी मुंबई महापालिकेचे दिव्यांगांसाठीचे ईटीसी केंद्र आहे, तिथे मुलाला लहानपणी उपचारांसाठी न्यायच्या, आणि बाहेर बसलेल्या आयांची तिथे जी मैत्री झाली ती आजही टिकून आहे. एकीचे काम असले की दुसरी दोन्ही मुले सांभाळते. त्या दिवशीही त्यांच्या मुलाजवळ कोपरखैरण्याची एक मैत्रीण बसली होती, म्हणून त्या रांगेत उभ्या राहू शकल्या होत्या. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय विम्यातून त्यांच्या मुलाला वर्षाला एक लाखापर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे, हेही त्यांनी सांगितले आणि माझ्या आजाराला तो लागू नाही म्हणून हळहळल्या. दीड तास आम्ही बोललो. मी त्यांचे नाव विचारले नाही, याची मला पुढे चुटपुट लागली.

अर्ज समितीपुढे जायचा होता. त्यातच १५ ऑक्टोबर २०२४ रोजी विधानसभा निवडणूक जाहीर होऊन आचारसंहिता लागली आणि बैठक लांबली. तो दिवस जगभर पांढऱ्या काठीचा दिवस म्हणून पाळला जातो. आम्ही सकाळी सगळे काठ्या घेऊन तलावाभोवती एक फेरी मारली होती आणि दुपारी ताईंनी फोन करून बातमी सांगितली. मी पार खचलो. ताई म्हणाल्या, “भाऊ, आता नोव्हेंबर संपेपर्यंत तिकडे जाऊच नका, उगाच जीव तुटेल. त्याऐवजी काकांकडे फोन शिका.” मी तो सल्ला मानला. ते दोन महिने मी टॉकबॅक शिकलो. मराठी मजकूर कानाने तपासताना ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, ‘दिन’ आणि ‘दीन’ कानाला सारखेच लागतात, त्यामुळे मुद्रितशोधन आता कायमचे संपले असे मी धरून चाललो होतो. काकांनी मला शब्दावर थांबून एकेक अक्षर ऐकण्याची पद्धत दाखवली. वेळ फार लागतो. पण जो शब्द संशयास्पद वाटेल तोच असा तपासायचा आणि बाकीचे ओघात ऐकायचे, असे करून मी डिसेंबरमध्ये एका प्रकाशकाची चाळीस पाने पूर्ण केली. गळलेली ओळ मात्र कानाला ताबडतोब कळते, कारण वाक्य तुटते. ज्या चुकीमुळे मी काम सोडले ती चूक आता माझ्याकडून होणार नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अर्ज मंजूर झाल्याचे समजले, तरी पैसे येईनात. मार्च गेला, एप्रिल गेला. ही रक्कम आता आधारशी जोडलेल्या खात्यात थेट जमा होते, त्यालाच डीबीटी म्हणतात, आणि माझे आधार जोडलेले होते ते छापखान्याच्या काळातल्या एका जुन्या, बंद पडलेल्या खात्याला. हे ताईंच्या लक्षात आले. त्यांनी मला बँकेत काय म्हणायचे ते शब्दशः पढवले, “आधार लिंक आहे का असं विचारू नका, ते हो म्हणतील. डीबीटीसाठी कोणत्या खात्याला जोडलंय ते विचारा.” बँकेत नेमके तसेच झाले. अर्ज भरला, शिक्क्यासह पोच घेतली.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी मी गॅलरीत बसलो असताना बँकेचा संदेश आला आणि फोनने तो इंग्रजीत मोठ्याने वाचला. दोन महिन्यांचे मिळून तीन हजार रुपये होते. शेजारच्या काकू भांडी घासत होत्या, त्यांनी हात तसेच ठेवून विचारले, “किती म्हणाला रे तो?” मी सांगितले. पाच मिनिटांत ते खालच्या नळापर्यंत पोहोचले होते. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांसाठी ही रक्कम दरमहा २,५०० रुपये झाली.

त्या रात्री पत्नीने वही काढली आणि आम्ही हिशेब केला. बचत गटाचे सहा हजार बाकी होते. त्यांत दीड हजार उद्याच द्यायचे ठरले. रिक्षावाल्या दादांच्या अकरा फेऱ्या झाल्या होत्या, ते पैसे घेणार नाहीत हे माहीत होते, म्हणून त्यांच्या मुलीच्या शाळेच्या वह्या घ्यायचे ठरले. काकांच्या नावापुढे तिने एकही रक्कम लिहिलेली नव्हती, कारण त्यांनी आम्हाला पैसे कधी दिले नाहीत आणि मी मागितलेही नाहीत. मी वही डोळ्यांजवळ धरली आणि चार-पाच अक्षरे करत ती ओळ वाचली. तिथे एप्रिल २०२४ ची तारीख होती आणि पुढे लिहिले होते, ‘फिल्ड टेस्ट सांगितली.’ ‘फिल्ड’मधली वेलांटी ऱ्हस्व पडली होती. मी पेन मागून घेतले आणि ती दीर्घ केली.